पाहुण्याला सांगायचं नाही

२ मार्च

स्तामातिसचा अहवाल आज आला. तो आधी मीच पाहिला, कारण आमच्या उपचार केंद्रातले सगळे अहवाल माझ्या टेबलावरून जातात. त्याला सुकी झालीय. शरीर स्वतःची डागडुजी करणं थांबवतं आणि माणूस आतून वाळत जातो. माझा भाऊ छत्तीस वर्षांचा आहे. त्याला ईस्टर दिसेल. उन्हाळा बहुधा दिसणार नाही.

वोलोसहून वेलेस्तिनोला गेले आणि घरी सांगितलं. सगळं एकदम आणि नीट सांगितलं, म्हणजे तेच तेच कोणी विचारणार नाही. आईने ॲप्रनमध्ये तोंड लपवलं. बाबा उठून मेंढ्यांकडे गेले. लिया, म्हणजे स्तामातिसची बायको, चीज गाळायचं फडकं पिळत होती. फडक्यातून थेंबही येईना, तरी ती पिळतच राहिली.

स्तामातिसने विचारलं, "तुमचा तो तराजू असतो, त्याचं काय?"

"नाव घालते," मी म्हटलं.

५ मार्च

रांगेत त्याचं नाव वर आलं. कर्मचाऱ्याच्या सख्ख्या भावंडाला प्राधान्य मिळतं, त्यामुळे कोणाकडे शब्द टाकावा लागला नाही. शब्द टाकणं मला आवडत नाही.

संध्याकाळी घरी तराजू समजावून सांगितला. लोकांना वाटतं तसा तो काटा-पारड्यांचा नसतो. दोन खाटा आणि मधे यंत्र असतं. एका खाटेवर आजारी माणूस, दुसरीवर निरोगी. निरोगी शरीरात स्वतःला दुरुस्त करायची जी ताकद असते ती यंत्र उचलतं आणि आजाऱ्याला देतं. थोडीशी उचलता येत नाही, तसं केलं तर दोघंही जातात. पूर्ण उचलावी लागते. आजारी उठून बसतो. देणारा तळमजल्यावरच्या थंड खोलीत झोपून राहतो, साधारण तिसऱ्या दिवसापर्यंत त्याचं हृदय चालतं आणि मग थांबतं. देणाऱ्याने स्वतःहून यावं लागतं. त्याला 'तू दे' असं कोणी सांगायचं किंवा विचारायचं नाही, असा कायदा आहे.

"म्हणजे एक मेंढरू द्यायचं," बाबा म्हणाले.

"मेंढरू नाही बाबा, माणूस."

"मी तेच म्हणतोय."

चौघांचे नमुने घेतले. माझा मीच घेतला.

९ मार्च

चौघेही जुळतात. बाबा, आई, लिया आणि मी. इतकं जुळलेलं घर मी अजून पाहिलं नव्हतं. लिया तर रक्ताची नाही, ती कार्दित्साची. तिचं जुळणं हा निव्वळ योगायोग. मी दोनदा तपासून पाहिलं.

जेवताना हे सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं सगळ्यांना बरं वाटेल. सगळे ताटात बघत जेवत राहिले. मिर्सिनी, स्तामातिसची मुलगी, आमच्या आईच्याच नावाची, सहा वर्षांची, तिने विचारलं, "जुळतं म्हणजे काय?" लियाने तिच्या तोंडात पावाचा तुकडा घातला.

केंद्रातल्या कर्मचाऱ्याने देऊ नये असा नियम आहे का, तेही मी पाहून ठेवलं. असा नियम नाही.

१० मार्च

आज स्तामातिस आणि बाबा यांचं भांडण झालं. शेजारचे कुंपणापाशी येऊन उभे राहिले इतकं.

स्तामातिस म्हणाला, "तुमची सत्तरी उलटली. गुडघे गेलेत, एक डोळा गेलाय. अजून काय करायचं राहिलंय तुमचं?"

"सकाळची कॉफी," बाबा म्हणाले. "रोज सकाळी मला वाटतं, अजून एक प्यावी. सांगायला लाज वाटत नाही मला."

"कॉफी! मी मरतोय आणि तुम्ही कॉफी पिताय!"

"मी तुला वाढवलं. जमीन दिली, कळप दिला, हे घर तुझ्या नावावर केलं. मरणही मीच द्यायचं राहिलं होतं का रे? माझ्या बापाने माझ्यासाठी मरायला पाहिजे असं मी त्याला कधी म्हटलं नाही."

"मग आईला विचारतो."

"विचार ना. ती तिथेच उभी आहे, बहिरी नाही."

आई दारातच होती. ती म्हणाली, "मिर्सिनीकडे कोण बघेल?" आणि आत गेली. मिर्सिनीकडे लिया बघते. आईला ते ठाऊक आहे. गोंधळात माणूस असं काहीतरी बोलून जातो.

मला दोन्ही बाजू बरोबर वाटल्या. मी पानं मिटून ठेवते तशी दोन्ही मिटून ठेवली आणि बसने वोलोसला परत आले.

१३ मार्च

आईत फार बदल झालाय. उपासाचे दिवस आहेत, तरी माझ्यासाठी तिने द्राक्षाच्या पानांची भात भरलेली गुंडाळी केली, जी मला आवडते आणि जी ती एरवी "वेळ खाते" म्हणून करत नाही. माझे ब्लाउज मागून घेतले आणि इस्त्री करून दिले. जेवताना माझ्या केसांवरून हात फिरवला. लहानपणीसुद्धा ती असं करत नसे.

"एकोणतीस पूर्ण झाली ना तुला?" तिने विचारलं.

"हो."

"तुझ्यावर अवलंबून असं कोणी नाही. नवरा नाही, मूल नाही. मोकळी आहेस."

"हो, बरंच आहे ते," मी म्हटलं. "कामाला वेळ मिळतो."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "अजून घे. तू कायम कमी खातेस."

आजारपणाने घरातली माणसं मऊ होतात. केंद्रात मी हे बरेचदा पाहिलंय.

१६ मार्च

स्तामातिस आता काठी घेऊन चालतो. दुपारी आम्ही दोघं कालव्यापर्यंत गेलो, तेही हळूहळू, मधे थांबत. बदाम फुलून गेलेत.

"या कालव्यातून मी तुला बाहेर काढलं होतं," तो म्हणाला. "आठवतं का?"

"आठवतं. पाणी कमरेपर्यंत होतं."

"तुझ्या कमरेपर्यंत नव्हतं, मेल्पो. तू पाच वर्षांची होतीस."

त्याचं बरोबर होतं. मी तसं म्हटलंही.  परत येताना त्याने माझा हात धरला, तोल जायला नको म्हणून. हात फारच हलका झालाय.

मी स्वतः द्यावं का, हा विचार माझ्या मनात आलाच नाही असं नाही. आला. मी त्याचा शांतपणे विचार केला आणि असं दिसलं की हे कोणी तरी मला विचारायला हवं. कोणी विचारलेलं नाही. न विचारता पुढे होणं म्हणजे त्यांच्यावर काहीतरी लादणं होईल. आणि कायद्याने त्यांना विचारता येत नाही. तेव्हा हा प्रश्न सध्या उभाच राहत नाही.

१९ मार्च

लिया केंद्रात आली. न कळवता आली होती, रानभाजी भरून भाजलेला पिटा घेऊन, कापडात बांधलेला, अजून गरम. आम्ही मागच्या पायऱ्यांवर बसून खाल्ला. लिया फारशी बोलत नाही, मीही बोलत नाही. म्हणून मला ती आवडते.

"दुखतं का?" तिने विचारलं.

"नाही. आधी झोपवतात."

"आणि ती खोली? फार गार असते?"

"चार अंश."

"लोकरीचे मोजे चालतात?"

"चालतात. फक्त धातू नको. बटणं, साखळी, अंगठी, काही नाही."

तिने बोटातली अंगठी फिरवून पाहिली. घट्ट बसली होती. "साबणाने निघेल," ती म्हणाली. मग बराच वेळ पेलिओनच्या डोंगराकडे बघत बसली. "मेल्पो, तुला मला काही सांगायचंय का?"

मी विचार केला. सगळी माहिती देऊन झाली होती.

"नाही," मी म्हटलं.

"बरं." तिने कापड झटकलं, घडी घातली. "पिटा आवडला का? मीठ कमी पडलं बहुतेक."

मीठ बरोबर होतं.

२० मार्च

लियाने जेवताना सांगितलं, भाजी वाढता वाढता. "मी जाते." बाबांचा काटा ताटात पडला. आई उठली आणि तिने लियाचा हात घेऊन त्याचं चुंबन घेतलं, चर्चमध्ये मूर्तीचं घेतात तसं. स्तामातिस "नाही, नाही" म्हणाला. पण दोनदाच म्हणाला. मग रडायला लागला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं.

आई रडत होती, आणि बघत होती माझ्याकडे. का ते कळलं नाही.

२३ मार्च

आज केलं. यंत्र मीच लावलं, माझ्याइतकं बारकाईने दुसरं कोणी लावत नाही. लियाने राखाडी मोजे घातले होते. अंगठी साबणाने निघाली नाही, तेलाने निघाली.

उचलणी दुपारी संपली. सगळी वाचनं मर्यादेत होती. स्तामातिसने डोळे उघडले आणि पाणी मागितलं, मग पाव मागितला. संध्याकाळपर्यंत त्याच्या ओठांना रंग आला होता.

लियाला खाली नेलं.

२४ मार्च

स्तामातिसला घरी आणलं. काठी तो केंद्रातच विसरला. मिर्सिनीला सांगितलंय की तिची आई वोलोसला आहे, माझ्याकडे. आईने पहाटेच गहू उकडून पांढऱ्या चादरीवर टेबलभर वाळत घातले होते. असे गहू कशाला वाळवतात ते इथे लहान मुलालाही कळतं, मेलेल्यासाठी. मी म्हटलं अजून वेळ आहे. ती म्हणाली, "उद्या सण. सणाच्या दिवशी हे करता येत नाही."

दुपारी अंगणात निळी व्हॅन थांबली आणि हॉर्न वाजला. वाजतच राहिला.

"अरे मेंढपाळा! जिवंत आहेस का?"

तो व्रासिदास. स्तामातिसबरोबर सैन्यात होता, एव्रोसच्या सीमेवर दोघांनी एका तंबूत दोन हिवाळे काढले. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण नाव माहीत होतं, कारण आमच्या केंद्रातला तराजू त्याने बसवला, मी रुजू होण्याआधी. देशभर फिरून तो हीच यंत्रं दुरुस्त करतो. दारातून वाकून आत यावं लागेल एवढा माणूस. स्तामातिसच्याच वयाचा, पण केस पांढरेशुभ्र आणि चेहरा साठीचा.

"हे काय करून घेतलंस डोक्याचं?" स्तामातिसने विचारलं.

"लिम्नोसला एक काम जरा महाग पडलं." तो मोठ्याने हसला. "आता थ्रेसला चाललोय. तिथलं यंत्र बिघडलंय, म्हणे माणसं खातंय. म्हटलं, मला खायच्या आधी तुझ्या आईच्या, किरा मिर्सिनीच्या हातचं खाऊन..."

तेवढ्यात त्याला टेबल दिसलं. त्याने टोपी काढली.

"कोण गेलं?"

आईने चादरीची सुरकुती सरळ केली. मग स्तामातिस म्हणाला, "आमचं कोणी नाही. एक बाई होती, चीज करायला मदतीला. बाहेरची. तिला कोणी नव्हतं, म्हणून आई करतेय."

"मग मी पुढे जातो. लारिसात झोपायची सोय आहे माझी. अशा घरात..."

"माझ्या दारातून तू उपाशी गेलास तर मी गावात तोंड कसं दाखवू?" स्तामातिसने त्याची बाही धरली. "बस. बस म्हणतो ना! आई, चिपुरोची बाटली आण."

"आणि लिया कुठाय?"

"वोलोसला. मेल्पोकडे. कामं होती."

आईने चादर चारी टोकांनी उचलली आणि गहू पलंगाखाली सरकवले. स्वयंपाकघरात स्तामातिस मला हळूच म्हणाला, "पाहुण्याला सांगायचं नाही, कळलं? रस्त्यावरून दमून आलेला माणूस. त्याचा घास का कडू करायचा?" हे बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता, लियाच्या चिजाच्या भांड्यांकडे बघत होता. अशा वेळी त्याला पाहुण्याचं सुचतं, याचं मला कौतुक वाटलं. आमच्याकडे पाहुण्याला असंच वागवतात. आजोबांच्या काळात तर घरात प्रेत असताना वऱ्हाड जेवून गेलं होतं म्हणे.

२५ मार्च

सण, आणि देशाचा स्वातंत्र्यदिनही. सकाळी शाळेची मिरवणूक निघाली. मिर्सिनीने लांब झग्याचा जुना पोशाख घातला होता, मागच्या टाचण्या मी लावल्या. एक तिला टोचली तर ती म्हणाली, "आईच्या टोचत नाहीत." व्रासिदासने तिला खांद्यावर घेतलं आणि ती सगळ्या झेंड्यांच्या वर गेली.

दुपारी तळलेला खारा कॉड मासा आणि लसणाचं वाटण. व्रासिदास तीन माणसांचं जेवला. आई वाढतच होती, बाबा ओततच होते. थोड्या वेळाने तो गाऊ लागला, टेबलावर हात आपटून, स्तामातिसही त्याच्याबरोबर गायला लागला. त्याचा आवाज पूर्वीपेक्षा चांगला झालाय. बाबा ताल धरत होते. आई पेले विसळायला म्हणून गेली आणि नळ सोडून तशीच उभी राहिली.

"अगं इंजिनिअरबाई, इकडे ये!" व्रासिदासने मला शेजारी बसवलं. "माझं पोर कसं आहे? वोलोसचं यंत्र. त्रास देतं का? डाव्या बाजूचा संवेदक जरा नाजूक आहे त्याचा."

"मर्यादेत असतो."

"मर्यादेत असतो!" त्याने माझी नक्कल केली. "आणि सणासुदीला बंद असेल. खाली थंड खोलीत कोणी आहे का सध्या?"

"रुग्णांची माहिती देता येत नाही."

"मला? अगं पोरी, मी बसवलाय तो!"

"तरी नाही."

तो खो खो हसला आणि मला सलाम ठोकला. "हिला बँकेत ठेवा रे! तिजोरीला दार नसलं तरी चालेल!" सगळे हसले. बाबासुद्धा हसले.

उत्तर बरोबर होतं. दुसरं कोणतंही उत्तर मला देता आलं नसतं. मी हे पुन्हा पुन्हा तपासून पाहिलंय.

२६ मार्च

सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी व्रासिदास निघाला. आईने व्हॅनमध्ये चीज, जैतून, पाव भरून दिला. मिर्सिनी व्हॅनच्या पायरीवर चढली आणि तिने विचारलं, "तुझी गाडी वोलोसला जाते का?"

"जाऊ शकते. का गं, राणी?"

"माझी आई आत्याच्या यंत्राखाली झोपलीय. आजी सांगत होती आजोबांना. तिला उठवशील?"

व्रासिदासने स्तामातिसकडे पाहिलं. त्याच्या गालांकडे, हातांकडे.  मग माझ्याकडे वळला.

"कधी?"

"तेवीसला. दुपारी."

त्याने व्हॅनच्या दारावर मूठ मारली. पत्रा आत गेला. "दोन दिवस! दोन दिवस मी इथे बसून गाणी म्हणतोय! दारात विचारलं ना मी तुम्हाला? विचारलं की नाही?"

"तू पाहुणा होतास," स्तामातिस म्हणाला.

"पाहुणा!" तो म्हणाला आणि मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "लिम्नोसला मी एक मुलगी परत आणलीय. अशीच, खाली ठेवलेली. यंत्र उलटं चालवून, तिसऱ्या माणसाकडून अर्धं उचलून."

"अर्धं उचलता येत नाही," मी म्हटलं.

"आजाऱ्यासाठी नाही येत. रिकाम्या झालेल्यासाठी येतं. तुझ्या पुस्तकात नाही ते." त्याने स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. "तो तिसरा मीच होतो. आयुष्याची वीसेक वर्षं गेली, पण आहे ना उभा? पुन्हा मात्र मला देता येत नाही. एकदाच देता येतं."

स्तामातिस पुढे झाला. "मी..."

"तू नाही. तुझ्यात आहे ते तिचंच. ते काढलं तर दोघंही जाल."

बाबा डोंगराकडे बघू लागले. आईने मिर्सिनीला उचललं आणि तिचं तोंड स्वतःच्या खांद्यात दाबलं. मग आई, बाबा आणि स्तामातिस माझ्याकडे बघत होते, तिघेही, आणि या वेळी कोणी नजर वळवली नाही.

"जोखीम किती?" मी विचारलं.

"जगशील बहुतेक."

"बहुतेक म्हणजे किती?"

"एकदाच केलंय, पोरी. एकदा केलं, एकदा जमलं. तू कर हिशोब."

"चला," मी म्हटलं.

मी "चला" म्हटलं होतं हे इथे नोंदवून ठेवते.

व्रासिदासने व्हॅन जशी चालवली तशी चालवायला नको होती. केंद्रात पहारेकरी आणि एक परिचारिका, बाकी सगळे सुट्टीवर. मुख्य डॉक्टर अथेन्सला. यंत्राची जबाबदारी माझी. स्तामातिस थेट खाली लियाकडे गेला.

सुट्टीत यंत्र बंद होतं. बंद राहिलेल्या यंत्राची वापराआधी पूर्ण तपासणी करायची, हा नियम आहे आणि त्याला कारण आहे. मी तपासणी सुरू केली.

"हे काय करतेस?" व्रासिदासने विचारलं.

"तपासणी."

"पूर्ण? अगं छोटी कर! आणीबाणीत छोटी चालते, तुझ्या एका सहीवर."

"आणीबाणीची सवलत मान्य पद्धतीला आहे. ही पद्धत मान्य नाही."

"मग मान्य नसलेल्या गोष्टीसाठी तपासणी तरी कशाला मान्य पद्धतीने करतेस?"

हात चालू असताना बोलायचं नसतं. पहिला टप्पा झाला, दुसरा झाला. परिचारिका वर येऊन सांगून गेली की ठोके विरळ होतायत. व्रासिदासने माझ्यासाठी खाट तयार केली, चादर ओढून नीट केली, उशी ठेवली. उशीवर कोणाच्या तरी डोक्याचा खळगा होता. त्याने तो थोपटून सपाट केला.

"झोप आता. उरलेलं मी बघतो. माझं यंत्र आहे ते, मला माहीत आहे त्याचं."

"जबाबदारी माझी आहे."

डाव्या संवेदकाचं वाचन हललं. मर्यादेच्या आतच होतं, पण काठाजवळ. म्हणून तो टप्पा मी पुन्हा केला. या वेळी तितकं हललं नाही. दोनदा वेगवेगळं आलं, म्हणून तिसऱ्यांदा केला.

व्रासिदास आधी ओरडत होता. मग विनवण्या करू लागला, मला "बाळ" म्हणाला, माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला. एवढा मोठा माणूस. मग गप्प झाला. भिंतीला पाठ लावून बसला आणि माझ्या हातांकडे बघत राहिला. तो गप्प झाला तेव्हा मला काम करणं सोपं गेलं पाहिजे होतं.

खालून स्तामातिसचा आवाज आला. शब्द नव्हते.

तपासणी त्यानंतर थोड्याच वेळात पूर्ण झाली. यंत्रात दोष नव्हता.

२८ मार्च

काल लियाला पुरलं. आज काही लिहायला नको असं वाटत होतं, पण एक गोष्ट राहून जाईल.

व्रासिदास दफनाला थांबला. नंतर सगळे घरी आले. कडू कॉफी, ब्रँडी, सुके टोस्ट, शेजारच्या बायकांनी केलेलं माशाचं सूप. तो अंगणातच उभा राहिला. मी बाहेर गेले, कारण कोणी तरी जायला हवं होतं.

"एक विचारू?" तो म्हणाला. "पूर्ण तपासणीला किती वेळ लागतो, हे तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि ती किती वेळ टिकेल, हे?"

"साधारण."

त्याने मान हलवली. रागावलेला दिसला नाही. "मला वाटलं होतं तू रडशील. नाहीतर खोटं तरी बोलशील."

त्याला यातलं कोणतं हवं होतं ते समजलं नाही. विचारलं तेवढं मी खरं सांगितलं. मी नकारही दिला नव्हता, एकदाही. हे त्याला सांगावं असं वाटलं, पण तो खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता, आणि पाठमोऱ्या माणसाशी बोलायला मला जमत नाही.

आई ट्रे घेऊन आली. "घे बाबा, घोटभर तरी. तुझं काहीच खाणंपिणं झालं नाही."

"या घरात मी पाणीही घेणार नाही, किरा मिर्सिनी."

आई रडली. काल कबरीपाशी रडली त्याहून जास्त रडली. सगळ्या बायका खिडकीतून बघत होत्या. स्तामातिस धावत बाहेर आला, तोवर व्हॅन फाटकातून निघाली होती. तो तिच्यामागे धावत सुटला, नाव घेऊन हाका मारत, काळा कोट उघडा, चर्चपर्यंत, मग चर्चच्याही पुढे, चढणीवर. व्हॅन थांबली नाही.

मी फाटकाशी उभी राहून वाट बघितली. तो चढण उतरून परत आला आणि माझ्या शेजारून आत गेला. त्याला दमही लागलेला नव्हता.